विषय: संचालक मंडळ मतदान – ओटीपी येत नाही, मुदत रविवारी रात्रीपर्यंतच

प्रेषक: चिटणीस (उद्यमबाग)

नमस्कार. डिझाइन आणि मशीनिंगचं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या फर्मच्या आपल्या गटाचं संचालक मंडळ निवडायची मुदत रविवारी रात्री संपते आणि अजून आपण कोरमच्या, म्हणजे किमान लागणाऱ्या मतांच्या, निम्म्यावरही नाही. लिंक परत खाली दिली आहे. ओटीपी यादीतल्या नंबरवरच जातो, दुसरीकडे वळवता येत नाही. ज्यांचं मत देऊन झालं त्यांनी कृपया शेजारच्या शेडमध्ये जाऊन विचारावं.

कोरम भरला नाही तर निकाल लावता येणार नाही, निबंधकांकडे नव्या संचालकांची यादी जाणार नाही आणि बँकेत सह्या जुन्यांच्याच राहतील. त्यातले एक आता बेळगावात नाहीत, हे सगळ्यांना माहीत आहे. ट्रेनिंगच्या मशीनचे पैसे त्यावर अडलेत.

प्रेषक: मच्छे

चिटणीस साहेब, यादीत आमच्या फर्मचा नंबर हाय तो पयल्या अकाउंटंटचा. तो काम सोडून हुबळीला गेला. मी फोन केलो तर म्हणतोय, आप्पा, फ्रॉडचा मेसेज हाय समजून डिलीट केलो. त्याचं बरोबरच हाय, आजकाल ओटीपी मागणाऱ्याला कोण देणार?

पण मी मालक हितं बसलोय. आधार हाय, जीएसटीचा कागद हाय, तरी मत देता येईना. रविवारी आफिसात येतो, कागदावर घ्या की मत.

प्रेषक: खानापूर

> कागदावर घ्या की मत

आप्पा, अर्धी मतं फोनवर आणि अर्धी कागदावर घेतली तर एकाच फर्मची दोन मतं कशी पकडणार? उद्या कुणीही निबंधकांकडे तक्रार करेल.

मी नोकरीत असताना शिक्षकांच्या पतसंस्थेत निवडणुकीचं काम पाहिलं आहे. तिथं कच्ची यादी आधी फळ्यावर लागायची. हरकतींना मुदत असायची. मयत, बदली झालेले, नाव चुकलेले, सगळं दुरुस्त व्हायचं आणि मगच उमेदवारी अर्ज निघायचे. यादीवरून जी भांडणं व्हायची ती मतदानाआधी व्हायची. आपल्याकडे कच्ची यादी कधी लागली?

प्रेषक: चिटणीस (उद्यमबाग)

सर, यादी गणपतीच्या आधी वार्षिक अहवालाबरोबर सगळ्यांना पाठवली होती. शेवटची पानं पाहावीत. एकही हरकत आली नाही. कार्यालय सांभाळायला आम्ही दोघं आहोत, तेही आपापलं वर्कशॉप बघून. प्रत्येक फर्मला फोन करणं शक्य नव्हतं.

प्रेषक: निपाणी

ओटीपीचं बोलणं चाललंय म्हणून लिहितो. मला ओटीपी आला. लिंक उघडली, नावं वाचली आणि मत न देता बंद केली.

जागा 9, उमेदवार 10. नऊ जणांचं ठरलेलं, दहाव्यांनी अर्ज मागं घ्यायचा राहिला. निपाणी, चिकोडी, संकेश्वर, हत्तरगी मिळून एक नाव नाही. कोण काय करणार याची एक ओळसुद्धा लिहिलेली नाही. मग मत कशाच्या आधारावर द्यायचं?

आमच्या जिल्ह्यातल्या माणसाला मतदानाचा कंटाळा आहे असं कुणी म्हणू नये. हुक्केरीच्या वीज सहकारी संस्थेच्या निवडणुकीत किती चुरस होते ते आपण पाहिलंय. साखर कारखाना असो नाहीतर डीसीसी बँक, पात्र-अपात्र यादीसाठी माणसं कोर्टाची पायरी चढतात. कारण मीटर घरात आहे, ऊस रानात उभा आहे, पीककर्ज त्याच बँकेचं आहे. मताचं वजन कळतं.

आपल्या बोर्डाच्या हातातही कमी नाही. सॉफ्टवेअरचा कायमचा परवाना जाऊन वर्षाची वर्गणी आली, तिचा एकत्रित भाव बोर्ड ठरवतं. व्हीएमसीसाठी (संगणकावर चालणारं कटिंग मशीन) पोस्ट-प्रोसेसर, म्हणजे सॉफ्टवेअरमधलं काम मशीनला कळेल अशा भाषेत बदलणारा प्रोग्राम, कुणाकडून करून घ्यायचा तेही बोर्डच बघतं. ट्रेनिंग कधी आणि कुठं हेही तेच ठरवतं. आजवर ते कामाच्या वारी उद्यमबागेतच झालं. निपाणीहून ऑपरेटर पाठवायचा तर त्याचा अख्खा दिवस जातो आणि मशीन बंद राहतं. हे प्रश्न उमेदवारांनी घेतले असते तर मी स्वतः दहा फर्मना फोन करून मत द्यायला लावलं असतं.

प्रेषक: अनगोळ

निपाणीच्या दादांचं पटलं. त्यात एक भर घालते.

मत फर्मला आहे. आमच्या ऑफिसात सॉफ्टवेअरवर दिवसभर आम्ही तिघी बसतो. फिक्श्चरचं (मशीनवर जॉब पकडून ठेवणाऱ्या साधनाचं) डिझाइन आम्ही करतो, व्हर्जन बदललं की जुन्या फाइल उघडत नाहीत तो त्रास आम्ही काढतो. आमचे मालक सर सॉफ्टवेअर उघडतही नाहीत, तरी मत त्यांचं, आणि त्यांना वेळ नाही. गट वापरणाऱ्यांचा म्हणायचा तर वापरणाऱ्याला मत हवं. प्रत्येक परवान्यामागं एक मत द्या, मतदान आपोआप वाढेल.

प्रेषक: मच्छे

> प्रत्येक परवान्यामागं एक मत द्या

मॅडम, फी फर्म भरती. ज्याच्याकडं वीस परवाने त्याला वीस मतं दिलासा तर आमच्यासारख्या एका परवान्यावाल्यानं काय करायचं? मोठ्या चार कंपन्याच बोर्ड चालवतील. पोरीबाळींनी बोर्डात यावं, मला आनंदच हाय. पण मत फर्मला एकच पायजे.

प्रेषक: अनगोळ

आप्पा, एक फर्म एक मत राहू दे. पण ते कुणी द्यायचं ते फर्मनं पत्र देऊन कळवावं. आमच्याकडे सर लगेच सही देतील.

प्रेषक: पुणे (मूळचा शहापूर)

कोरमच मोठा आहे असं मला वाटतं. डेबियन हा मुक्त सॉफ्टवेअरचा प्रकल्प 1993 पासून चालू आहे. जगभर विखुरलेले सुमारे हजार डेव्हलपर दरवर्षी आपला प्रमुख निवडतात. त्यांच्या घटनेत आपल्यासारखी एक तृतीयांश सभासदांची वगैरे अट नाही. सभासदसंख्येचं वर्गमूळ काढायचं, त्याचं निम्मं करायचं आणि त्याला तीननं गुणायचं. 400 सभासद धरले तर वर्गमूळ 20, निम्मं 10, तिप्पट 30. मतपत्रिकेवर ‘यांपैकी कोणीही नको’ हा पर्याय असतो, आणि उमेदवाराला त्याच्यापेक्षा वरचा क्रम देणारी किमान तेवढी मतं पडावी लागतात. गट वाढला तरी कोरम त्या मानानं हळू वाढतो, त्यामुळं काम अडत नाही.

प्रेषक: खानापूर

गणित सुरेख आहे. पण नियम बदलायला सर्वसाधारण सभा लागते, तिलाही हाच कोरम आहे, आणि नंतर निबंधकांकडे नोंद. या निवडणुकीला त्याचा उपयोग नाही. आणि मला भीतीही वाटते. 30 मतांत बोर्ड बसलं तर ती तीसही उद्यमबागेतलीच असतील. मग खानापूरला कोण विचारणार?

प्रेषक: निपाणी

‘कोणीही नको’ हा पर्याय असता तर मी नक्की मत दिलं असतं. तो पुढच्या वेळी घ्याच.

प्रेषक: श्टुटगार्ट (मूळचा कडोली)

माझं भारतातलं सिम बंद झालंय आणि लिंक जर्मनीचा नंबर घेत नाही. मला ईमेलवर ओटीपी मिळेल का?

इथं कारखान्यात कामगार परिषदेची निवडणूक दर 4 वर्षांनी, 1 मार्च ते 31 मे या काळात होते. पेटी कारखान्यातच असते. कामाच्या वेळेत जाऊन मत द्यायचं, त्या वेळेचा पगार कापत नाहीत आणि निवडणुकीचा सगळा खर्च मालकानं करायचा, असा कायदाच आहे. शिफ्ट संपवून घरी जाणाऱ्या माणसाला लिंक शोधायला लावलं तर तो जेवून झोपणार. आपल्याकडेही पेटी माणसाजवळ न्यावी. मच्छेला एक दिवस, खानापूरला एक दिवस, निपाणीला एक दिवस.

प्रेषक: चिटणीस (उद्यमबाग)

सगळ्यांचं वाचलं. निवडणूक अधिकाऱ्यांशी आणि दहाही उमेदवारांशी आज बोललो. सगळ्यांच्या संमतीनं मुदत वाढवली आहे, नवी तारीख उद्या कळवतो.

नंबर चुकला असेल त्यांनी फर्मच्या लेटरहेडवर नवा नंबर, मत कोण देणार त्याचं नाव, सही-शिक्का आणि जीएसटीचा कागद पाठवावा. अनगोळच्या मॅडमची सूचना त्यातच बसते. बदललेले नंबर कार्यालयाबाहेर लावू आणि इथंही टाकू, दोन दिवस हरकत घेता येईल. परदेशातल्यांना ओटीपी ईमेलवर. मत कागदावर नाहीच. पण निपाणी, खानापूर आणि मच्छेला लॅपटॉप घेऊन एकेक माणूस बसवतो, जागा तिथल्यांनी द्यावी. उमेदवारांनी आपण काय करणार ते शुक्रवारपर्यंत इथं लिहायचं कबूल केलंय. निपाणीकरांनी वर्गणीचा भाव आणि ट्रेनिंगची जागा हे प्रश्न त्यांना थेट विचारावेत.

ट्रेनिंग उद्यमबागेत होतं ते मशीन तिथं आहे म्हणून, एवढं मात्र लक्षात घ्या.

प्रेषक: निपाणी

लॅपटॉपला जागा माझ्या शेडमध्ये देतो. शेजारच्या सगळ्या फर्मना मीच सांगतो. ट्रेनिंगचं मशीन हलवता येत नाही, पण रविवारी चालू ठेवता येतं. हा प्रश्न मी सगळ्या उमेदवारांना विचारणार आहे.

प्रेषक: चिकोडी

जीएसटी नसलेल्यांचं काय? मी फक्त जॉबवर्क करतो. ते सेवेत मोडतं आणि उलाढाल 20 लाखांच्या खाली आहे, त्यामुळं नोंदणीच नाही. आमच्याकडे असे बरेच आहेत. लेटरहेडही नाही.

प्रेषक: चिटणीस (उद्यमबाग)

उद्यम नोंदणीचा कागद चालेल. लेटरहेड नसेल तर साध्या कागदावर सही आणि गेल्या वर्षीच्या सभासद फीची पावती. पावती सापडत नसेल तर फोन करा, वहीत बघून सांगतो.