‘घाबरलेत हो बिचारे’ ही सबब कुठवर?

निशाचर
"दवाखान्यात माणसं घाबरलेली असतात, त्यांना वागण्याचे धडे देणारे निर्दयी," असं कालच्या लेखात वाचलं आणि डोकं फिरलं. घाबरलेली माणसं मीही पाहिलीत. ती दाराकडे बघत बसतात, फाइल उघडतात, मिटतात. स्पीकरवर रील्स लावणारा, म्हातारी माणसं उभी असताना खुर्चीवर पिशवी ठेवणारा, "फक्त रिपोर्ट दाखवायचाय" म्हणत दार ढकलणारा, यांना कसली भीती? आईची केमो चालू होती तेव्हा शेजारचा गृहस्थ तोंडावर रुमालही न धरता खोकत होता. केमोमुळे पांढऱ्या पेशी उतरलेल्या रुग्णाच्या जिवावर साधा संसर्गही बेतू शकतो. मास्क लावा म्हटलं, तर "तुम्हीच लांब बसा!"

चाफा
भीती कशी दिसावी हे तुम्ही ठरवणार? वडील आयसीयूत होते तेव्हा माझा भाऊ बाहेर सतत मोबाइलवर गेम खेळत होता. लोक तिरके बघायचे. मोबाइल खाली ठेवला की त्याचे हात थरथरायचे, हे त्यांना कुठं दिसत होतं?

निशाचर
खेळू दे की. आवाज बंद ठेवूनही खेळता येतं.

चाफा
आवाज बंदच होता. तरीही बघत होते, म्हणून तर चिडले. खोकल्याचं मान्य करते, तेवढंच.

उंबरठा
तुम्ही दोघं एकमेकांशी भांडताय आणि खरा दोषी आत बसलाय. सगळ्यांना दहाचीच वेळ द्यायची आणि बाराला पहिलं नाव पुकारायचं. मग लोक दारात गर्दी करणार नाहीत तर काय करतील?

स्टेथो
आत बसणारा डॉक्टर मी. एका रुग्णाला सात-आठ मिनिटं धरलेली असतात. "गाठ साधी नाही" हे कुणाला सात मिनिटांत सांगू? काहीजण येतच नाहीत, काही तासभर उशिरा येऊन आधी सोडा म्हणतात. आणि ‘फक्त रिपोर्ट’ म्हणजे बहुतेक वेळा पूर्ण तपासणीच असते. छातीत दुखणारा माणूस तुमच्या नंतर आला तरी आधी आत जाणार, तिथं क्रम गांभीर्यावर ठरतो.

उंबरठा
तातडीच्या विभागाचा नियम ओपीडीच्या ढिसाळपणावर पांघरू नका! नॉर्मन बेली नावाच्या संख्याशास्त्रज्ञानं १९५२ साली बाह्यरुग्ण विभागाच्या रांगांचा हिशेब मांडला होता. सुरुवातीला दोघांना बोलवा, पुढे सरासरी तपासणीला लागतो तेवढ्या अंतरानं एकेकाला. डॉक्टर फारसा रिकामा बसत नाही, रुग्ण फार ताटकळत नाहीत. सत्तर वर्षं उलटली. माझ्या मधुमेही काकांना रक्त तपासायला उपाशीपोटी बोलावलं आणि दुपारपर्यंत बसवलं. साखर उतरली, घामानं भिजले. मी आवाज चढवला तर पहारेकऱ्याला बोलावलं. हेही निशाचरांच्या यादीत घालणार का?

निशाचर
काकांसाठी ओरडलात त्याला मी नाव ठेवत नाही. माझ्या यादीत ते नव्हतंच.

स्टेथो
मी नाव ठेवतो. तुम्ही ओरडता ती काउंटरवरची मुलगी असते. वेळापत्रक तिनं केलेलं नसतं, डॉक्टर तिच्या हातात नसतो. आमच्याकडची एक जण रोजच्या शिव्या ऐकून नोकरी सोडून गेली. काकांना आधी घ्यायला हवं होतं, यात वाद नाही.

उंबरठा
मग तिच्या हातात काहीतरी द्या! डेव्हिड मेस्टर या व्यवस्थापनाच्या अभ्यासकानं १९८५ मध्येच लिहिलंय, कारण न सांगता करायला लावलेली प्रतीक्षा जास्त लांब वाटते. किती वेळ लागेल हे माहीत नसलं तरीही तसंच. "आत तातडीचा रुग्ण आहे, ४० मिनिटं उशीर" एवढं फलकावर लिहायला काय जातं? नाव कधी पुकारतील याचा भरवसा नाही म्हणून माणूस स्वच्छतागृहातसुद्धा जात नाही.

स्टेथो
फलकाचं पटलं. बेलीचं अर्धंच पटलं, त्याचा हिशेब रुग्ण वेळेवर येतील असं धरून आहे.

उंबरठा
आम्ही वेळेवर येतो. आल्यावर काय होतं ते वर लिहिलंय.

निशाचर
दोघांनी मिळून माझा मुद्दा पळवलात. दवाखान्याला दोन तास उशीर झाला, तर त्याची शिक्षा शेजारी बसलेल्या रुग्णाला का? तोही तेवढाच ताटकळलाय.

चाफा
बरं, स्पीकर बंद करा हे मीही म्हणेन. पण गप्प बसून मोबाइल बघणाऱ्याला त्या यादीतून काढा.

निशाचर
तो त्या यादीत कधी नव्हताच. पिशवीवाला राहील.