पोटावरची पिशवी शेवटी ठेवा
ताई, शौचावर ताबा राहत नाही म्हणून विट्याहून सांगलीला एसटीत बसायलाही सासूबाई घाबरतात आणि कुणी थेट 'पोटावर पिशवीच' सांगितलं (म्हणजे ऑपरेशन करून शौच पोटावरच्या पिशवीत काढायचं), असं लिहिलंयत. एवढी घाई नको. बाळंतपणात गुदद्वाराचा स्नायू फाटला असेल तर त्याची टोकं एकमेकांवर चढवून शिवतात. त्याआधी गुदद्वारातून सोनोग्राफी करून घ्या. मिरजेत चौकशी करा. गुण येतो, पण वर्षं सरतील तसा ओसरतो, हे आधीच विचारलेलं बरं.

दुसरं म्हणजे कमरेखालच्या नसेला सौम्य वीज देणारं यंत्र. आधी एक-दोन आठवडे तात्पुरती तार घालून बघतात, शौचाची गळती निम्म्याने कमी झाली तरच कुल्ल्याच्या वर कातडीखाली बसवतात. खर्च मात्र लाखांत! आणि औषधं, स्नायूंचे व्यायाम नीट करून पाहिलेत का?