रिक्वायरमेंटसाठी दरवेळी वर्कशॉपच का?

सांजवात: दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर करायचंय. त्यातून नेमकं काय हवंय (रिक्वायरमेंट) ते आधी गोळा करायचं. प्रोजेक्ट मॅनेजरने पहिल्याच दिवशी ठरवलं: वर्कशॉप (सगळ्या संबंधितांची एकत्र बैठक), मग युजर स्टोरीज (वापरणाऱ्याच्या तोंडून एका वाक्यात गरज), मग 'मॉस्को'ने (हवंच, हवं, चालेल, आत्ता नको अशा गटांनी) प्राधान्यक्रम. कारण? मागच्या बँकेच्या कामात तसंच केलं होतं. 'बॅबॉक' या बिझनेस अ‍ॅनालिसिसच्या मार्गदर्शक ग्रंथाच्या तिसऱ्या आवृत्तीत ५० तंत्रं आहेत, आपण तीच दोन-तीन घोळवतो. आधी आपल्याला नेमकं काय कळलेलं नाही ते बघा, मग तंत्र निवडा. इथं खरा गुंता दराचा. गायीच्या दुधाला ३.५ फॅट, ८.५ एसएनएफ (फॅट सोडून दुधातले बाकीचे घन घटक) हा आधार. त्याखाली पॉइंटमागे कपात, म्हशीचा तक्ता वेगळा. याला डिसिजन टेबलच (कुठल्या अटीला कुठला निर्णय, याचा तक्ता) हवं. 'शेतकरी म्हणून मला योग्य दर हवा' असली स्टोरी लिहून डेव्हलपर कोड काय करणार, कपाळ?

कागदी_घोडा: असहमत. टेबलात भरायचे नियम कुणाचे? चेअरमन एक सांगतो, सचिव दुसरं, संघाचा हिशेबनीस तिसरंच. सगळ्यांना एका खोलीत बसवल्याशिवाय ते मिटत नाही. शिवाय काम फिक्स्ड प्राइसचं (रक्कम आधीच ठरलेली), रिक्वायरमेंटवर ग्राहकाची सही लागते. आणि फ्रेशर्सना तीन तंत्रं धड आलेली बरी, ५० अर्धवट येण्यापेक्षा.

सांजवात: मतभेद आहेत म्हणून वर्कशॉप, हे पटलं. बँकेत घेतलं होतं म्हणून नको, एवढंच. आणि जाताना अर्धवट भरलेलं टेबल घेऊन जा; रिकाम्या चौकटीवर बोट ठेवलं की भांडण नेमकं कशावर आहे ते कळतं.

भल्यापहाटे: दोघंही एसीत बसून भांडताय. पहाटे केंद्रावर उभे राहा. लाइट गेली की नोंद वहीत होते, मशीनमध्ये मागाहून चढते. कुणाची पशुखाद्याची उचल या बिलातून कापायची आणि कुणाची पुढच्या, हे सचिवाच्या डोक्यात असतं. चेअरमनसमोर तो हे बोलेल? निरीक्षणाला पर्याय नाही.

कागदी_घोडा: किती केंद्रं बघणार? दर गावाची तऱ्हा निराळी. आणि कोटेशनमध्ये प्रवासखर्चाची ओळच नाही, साहेब.

भल्यापहाटे: दोन पुरतील. एक अ‍ॅनालायझर (दूध तपासणारं मशीन) जोडलेलं, एक वहीवालं. यूएटीत (ग्राहकाने करायच्या शेवटच्या चाचणीत) सचिव 'आमच्याकडं असं नसतंय' म्हणाला की चेंज रिक्वेस्टचे, म्हणजे मागाहून कराव्या लागणाऱ्या बदलाचे, पैसे कोण भरणार, ते तेव्हा बोलू.

चष्मेबद्दूर: जुनी दहा दिवसांची बिलं मागवलीत का कुणी? कपातीचे रकाने त्यावर छापलेलेच असतात. प्रवासखर्च शून्य. कुठल्या केंद्रावर जायचं तेही त्यावरूनच ठरवा: ज्याच्या बिलावर पेनाने खाडाखोड जास्त, तिथं.

कागदी_घोडा: हे चालेल. स्कॅन व्हॉट्सअ‍ॅपवर मागवतो. वर्कशॉप मात्र होणारच.