१५ वर्षांची मांजर, किडनी आणि थायरॉईड दोन्ही. सलाईन घरी देता येतं का?

कांजूरची_मृण्मयी

नमस्कार मंडळी, जरा मोठं लिहितेय पण नीट सांगितल्याशिवाय कोणाला काही सुचवता येणार नाही. आमची मनी १५ वर्षांची, देशी, लग्नाआधीपासून माझ्याकडे आहे. उन्हाळ्यापासून पाणी खूप प्यायला लागली, बाथरूमातल्या बादलीत तोंड घालून पीत बसायची, खाणं पूर्वीपेक्षा जास्त आणि तरी अंगाला काहीच लागत नव्हतं, पाठीवरून हात फिरवला की मणके हाताला लागतात. रक्त तपासलं तर क्रिएटिनिन (किडनी नीट चालत नसली की रक्तात वाढतं ते) ३.४ आणि टी-४ म्हणजे थायरॉईडचं हार्मोन पण वाढलेलं. डॉक्टरांनी थायरॉईडची गोळी चालू केलीय, रीनल फूड म्हणजे किडनीच्या आजारातलं खास खाणं लिहून दिलंय आणि एक दिवसाआड १०० मिली सलाईन कातडीखाली द्यायला सांगितलंय.

आता क्लिनिक घाटकोपरला, आम्ही कांजूरला. रिक्षात बास्केट ठेवली की रस्ताभर ओरडते, तोंड उघडून धापा टाकते आणि घरी आली की संध्याकाळपर्यंत पलंगाखालून बाहेर येत नाही. हे एक दिवसाआड कसं जमणार? घरी कोणी देतं का सलाईन? मला सुईची भीती नाही, तिला दुखेल याची आहे. दुसरं म्हणजे रीनल फूडला ती तोंडच लावत नाही, वास घेते, पायाने जमीन उकरल्यासारखं करते आणि चालती होते. सासूबाई म्हणतात, म्हाताऱ्या जीवाला कशाला टोचताय, खाऊ दे तिला तिचा बांगडा. त्यांचाही जीव आहे तिच्यावर म्हणून उलट बोलवत नाही. काय करू?

परळचा_बोकेवाला

मृण्मयीताई, घरी नक्की देता येतं, माझ्या बोक्याला मी कित्येक वर्षं देतोय आणि तो आता सलाईन चालू असताना डोळे मिटून बसतो. पहिल्यांदा मात्र डॉक्टरांसमोर स्वतःच्या हाताने देऊन बघा, नुसतं बघून येऊ नका.

बाटली आणि नळीचा सेट केमिस्टकडे मिळतो. चिठ्ठीवर आरएल (रिंगर लॅक्टेट, सलाईनचा एक प्रकार) लिहिलं असेल तर आरएलच आणा, नाहीये म्हणून डेक्स्ट्रोजवालं, म्हणजे साखरेचं, घेऊ नका, ते कातडीखाली चालत नाही, गळू होऊ शकतं. बाटली आधी कोमट पाण्याच्या तांब्यात ठेवायची, मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, गार सलाईन मांजरांना अजिबात आवडत नाही, निम्मी धडपड त्याच्यामुळेच असते. मग बाटली खिडकीच्या ग्रिलला उंच टांगायची आणि नळीतली हवा काढून टाकायची. दोन खांद्यांच्या मधली कातडी चिमटीत वर उचलली की तंबूसारखी पोकळी होते, सुई त्या पोकळीत, पाठीला समांतर. केस ओले लागले तर सुई पलीकडून बाहेर आलीय असं समजा, काढून परत घाला. सुई दरवेळी नवीन, बोथट सुईच दुखते, आणि वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या बरणीत जमा करून क्लिनिकमध्ये द्या, कचऱ्यात टाकू नका, कचरा उचलणाऱ्यांच्या हाताला लागतात.

झाल्यावर पाठीवर मोठा फुगा दिसेल, कधी तो सरकून पुढच्या पायात उतरतो, घाबरू नका, हळूहळू जिरतो. दुसऱ्या दिवशीही तसाच असेल तर पुढचं सलाईन न देता आधी फोन करा.

सासूबाईंना एकदा शेजारी बसवून तिचं अंग धरायला सांगा. आमच्या आईचा विरोध असाच गेला, आता बाटली कोमट करायचं काम तिचंच आहे.

क्लिनिकवाली_अश्विनी

मी व्हेट नाही, क्लिनिकमध्ये असिस्टंट आहे, त्यामुळे औषधाचे डोस सांगणार नाही. पण तुमच्या पोस्टमधलं एक वाक्य खटकलं. तोंड उघडून धापा टाकते. घाबरूनही होतं, पण थायरॉईडमध्ये हृदयावर ताण येतो आणि हृदय कमजोर असेल तर सलाईन छातीत साठू शकतं. म्हणून घरी सुरू करण्याआधी हृदय तपासून घ्या. आणि ती गाढ झोपलेली असताना एका मिनिटात किती श्वास घेते ते मोजून लिहून ठेवत जा, ३० च्या वर जायला लागलं तर थांबायचं आणि डॉक्टरांना कळवायचं.

बीपी मोजलंय का? किडनी आणि थायरॉईड दोन्हीमुळे वाढतं. अचानक बाहुल्या मोठ्याच राहिल्या, भिंतीला धडकायला लागली तर त्याच दिवशी न्या, बीपीमुळे डोळ्याचा पडदा सुटतो आणि लवकर औषध मिळालं तरच नजर वाचायची थोडी आशा असते.

अजून एक, थायरॉईड जोरात असताना किडनीचं खरं दुखणं झाकलं जातं. गोळीने टी-४ खाली आलं की क्रिएटिनिन वर गेलेलं दिसू शकतं. ते बघून घाबरून गोळी बंद करू नका, काही आठवड्यांनी दोन्ही टेस्ट परत करून डॉक्टर डोस बसवतात. प्रवासाआधी द्यायचं शांत ठेवणारं औषधही असतं, किडनीवाल्या मांजरीला ते कमी लागतं, तेही विचारा. आणि सांधे दुखतात म्हणून घरातली क्रोसिन वगैरे चुकूनही नाही, पॅरासिटामॉल मांजराला विष आहे, अर्धी गोळीसुद्धा जीव घेते.

गिरगावची_वसुधामावशी

अगं मृण्मयी, खाण्याचं मी सांगते, आमच्या चाळीत मांजरं पाळण्यातच आयुष्य गेलं माझं. रीनल फूड चांगलंच आहे, त्यात फॉस्फरस कमी असतो, पण पोटात जाईल तर उपयोग. एकदम बदलू नकोस. आत्ता जे आवडीने खाते त्यात चमचाभर मिसळ आणि काही आठवडे घे हळूहळू वाढवायला. ओलं फूड असेल तर किंचित कोमट कर, वास सुटतो. उलटी होत असताना किंवा मळमळत असताना नवीन खाणं पुढे ठेवायचंच नाही, त्या खाण्याचाच तिरस्कार बसतो. ओठ चाटत बसते का, भांड्यापाशी येऊन तोंड फिरवते का, बघ. तसं असेल तर मळमळीचं औषध आधी.

आणि हट्टाने उपाशी ठेवून "भूक लागली की खाईल" असं मांजरात चालत नाही. दोनेक दिवस पोट रिकामं राहिलं तरी लिव्हरवर चरबी चढते. त्यामुळे तुझ्या सासूबाईंचं अर्धं बरोबर आहे, काहीच खात नसेल त्या दिवशी बांगडा दे बाई, काटे काढून, उकडून, मीठ न घालता. कांदा लसूण लागलेलं कालवण नको, सुकट नको, फार खारट.

वजन दर आठवड्याला कर, तान्ह्या बाळाच्या काट्यावर. आपण मांडीवर घेऊन साध्या काट्यावर उभं राहतो त्यात शंभर-दोनशे ग्रॅमचा फरक कळत नाही आणि मांजरीत तेवढं म्हणजे खूप झालं.

कांजूरची_मृण्मयी

किती नीट लिहिलंत सगळ्यांनी. बीपी मोजलेलं नाहीये, शनिवारी हृदय आणि बीपी दोन्ही करून घेते आणि तिथेच सलाईन माझ्या हाताने देऊन बघते. मावशी, ओठ चाटते ती, मला वाटायचं खाऊन झाल्यावरचं आहे. अजून एक काळजी म्हणजे गणपतीला आम्ही सगळे देवरुखला जातो, तिला न्यावं की ठेवावं?

परळचा_बोकेवाला

एवढा प्रवास नको तिला. पण तुमच्याशिवाय सलाईन कोण देणार हे आत्ताच ठरवा, त्या दिवसांत अर्धी मुंबई कोकणात असते, अटेंडंट मिळत नाहीत आणि बोर्डिंग भरलेलं असतं. क्लिनिकमधला अटेंडंट घरी येऊन देतो का विचारा, आला तर आधी तुमच्यासमोर दोन-तीनदा देऊ दे म्हणजे मनीला त्याच्या हाताची सवय होईल. कोणीच नाही मिळालं तर घरातल्या एकाने मागे राहायचं, आम्ही दरवर्षी आळीपाळीने राहतो. आणि टी-४ ची परत टेस्ट जाण्याच्या आधी येईल अशी तारीख घ्या, डोस बदलला तर चार दिवस तुमच्या नजरेसमोर जातील.