सॅक्रामेंटो भेट आणि मागणीपत्रावर मंडळाची सही

प्रेषक: एक सभासद, फ्रीमाँट

स. न. वि. वि.

मी व्यवसायाने रिअल्टर, म्हणजे घरांच्या खरेदी-विक्रीची दलाल, आहे, हे आपल्यापैकी अनेकांना ठाऊक आहे. कॅलिफोर्निया असोसिएशन ऑफ रिअल्टर्सचे सभासद दरवर्षी राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला, जाऊन आपापल्या मतदारसंघांतील आमदारांना भेटतात आणि घरांविषयीच्या विधेयकांवर आपले म्हणणे मांडतात. या वेळी मंडळातील काही घरमालकांनी सोबत यावे आणि मागणीपत्रावर मंडळाचीही सही असावी, अशी विनंती आहे.

प्रेषक: एक सभासद, सनीव्हेल

सप्रेम नमस्कार.

सोबत जाण्यास माझी हरकत नाही, सहीला आहे. रिअल्टरांचे हित घरांची खरेदी-विक्री वाढण्यात असते. ते गैर नाही, परंतु घरमालकाचे हित नेहमी तेच असते असे नाही. प्रॉप १९ आठवावा (प्रॉप म्हणजे प्रॉपोझिशन, थेट मतदारांपुढे मतदानासाठी ठेवलेला प्रस्ताव). २०१८ मध्ये असोसिएशनने पुढे आणलेला प्रॉप ५ मतदारांनी फेटाळला. त्यानंतर २०२० मध्ये विधिमंडळाशी वाटाघाटी होऊन घटनादुरुस्तीचा नवा मसुदा, म्हणजेच प्रॉप १९, मतपत्रिकेवर आला आणि थोडक्या फरकाने मंजूर झाला. त्यामुळे ५५ वर्षांवरील घरमालकाला आपले जुने करमूल्य (ज्या किमतीवर घराचा कर आकारला जातो ती) राज्यात कोठेही, तीन वेळा, नव्या घरी नेता येते. पूर्वी ही सवलत एकदाच आणि मोजक्याच कौंटींमध्ये (जिल्ह्यांमध्ये) मिळत असे. मात्र त्याच दुरुस्तीने मुलांना वारशाने मिळणाऱ्या घरांवरील सवलत आवळली. समजा, १९७८ च्या प्रॉप १३ नुसार वर्षाला फार तर २ टक्के वाढत गेलेले करमूल्य आज ५ लाख डॉलर आहे आणि बाजारभाव २० लाख आहे. मुलगी त्या घरात स्वतः राहिली नाही, तर १ टक्का मूळ दराने होणारा ५ हजारांचा कर २० हजारांवर जातो, आणि ती राहायला आली तरी करमूल्य सुमारे १० लाख होते. इतका कर भरण्यापेक्षा वारस घर विकणेच पसंत करतात, आणि विक्री झाली की दलाली आलीच! आपल्यापैकी ज्यांची मुले सिअ‍ॅटल-ऑस्टिनला स्थायिक झाली आहेत, त्यांनी हा हिशेब करून पाहावा.

प्रेषक: फ्रीमाँटच्या सभासद

आपला हिशेब बरोबर आहे. मात्र वारशाने मिळालेली, जुन्या करमूल्याची घरे भाड्याने देऊन वर्षानुवर्षे बाजाराबाहेर ठेवली जात होती आणि तरुण कुटुंबांना घर मिळत नव्हते, हेही नोंदवावे लागेल. मुलांजवळ राहण्यासाठी दुसऱ्या कौंटीत गेलेल्या ज्येष्ठ सभासदांना त्याच दुरुस्तीचा आधार मिळाला आहे. तरीही मंडळात घरमालक आहेत तसे भाडेकरूही आहेत, म्हणून सहीची विनंती मी मागे घेते. ज्यांना वैयक्तिकरीत्या यायचे असेल, त्यांनी आपला सिनेट व असेंब्ली मतदारसंघ कळवावा. विधेयकांची यादी हाती येताच, असोसिएशनचा प्रत्येकाला पाठिंबा आहे की विरोध याच्या नोंदीसह, ती येथे पाठवीन.