शैक्षणिक स्वातंत्र्य की विद्यास्वातंत्र्य?

पेठकर:
एका कॉलेजच्या स्मरणिकेची प्रुफं तपासतोय. विद्यापीठं आणि सरकार यांवरचा लेख आहे. लेखकाने 'शैक्षणिक स्वातंत्र्य' आणि 'स्वायत्तता' एकाच अर्थाने वापरलेत. एकदा 'स्वायत्ता' होतं, तिथला गळलेला 'त' मी भरला. पण अर्थाचं काय करू?

कोथरूडकर:
शैक्षणिक कर्ज, शैक्षणिक सहल, शैक्षणिक वर्ष. त्याच माळेत 'स्वातंत्र्य' ओवलं, तर पोराने आर्ट्स घ्यावं की सायन्स, अशी चर्चा वाटते. इथे प्रश्न प्राध्यापकाने काय शिकवावं, कशावर संशोधन करावं, काय छापावं याचा आहे. मूळ इंग्रजी 'ॲकॅडमिक फ्रीडम'. त्यातल्या 'ॲकॅडमिक'ला आपल्याकडे 'विद्या' रुळलेलं आहेच. ॲकॅडमिक कौन्सिलला 'विद्यापरिषद' म्हणतो ना? मग 'विद्यास्वातंत्र्य' करा की.

निवृत्तमास्तर:
'स्वायत्त' फोडून बघा: स्व + आयत्त. आयत्त म्हणजे अधीन. जे स्वतःच्याच ताब्यात, ते स्वायत्त. हा गुण संस्थेचा. फर्ग्युसन स्वायत्त आहे म्हणजे अभ्यासक्रम आणि परीक्षा त्यांच्या, पदवी विद्यापीठाचीच. माझं कॉलेजही स्वायत्त झालं. त्याच वर्षी परिसंवादाच्या पत्रिकेतलं पाहुण्यांचं नाव संस्थेच्या कार्यालयातून लाल शाईने खोडून आलं. कारण विचारलं तर म्हणे, 'वरून'. कॉलेज स्वायत्त झालं, मी कुठे झालो? तेव्हा हे दोन शब्द एकमेकांच्या जागी घालू नका.

पेठकर:
पटलं. आणि लेखात 'सरकारी अंकुश' आहे, तो ठेवू? की 'देखरेख' करू?

कोथरूडकर:
अनुदानाचा हिशेब तपासणं ही देखरेख. कुलगुरू कोण व्हावा यात हात घालणं हे नियंत्रण. 2021 च्या डिसेंबरात विधिमंडळाने मंजूर केलेल्या विधेयकात उच्च शिक्षणमंत्र्यांना 'प्र-कुलपती' करायची तरतूद होती. पुढच्या सरकारने ते विधेयक मागे घेतलं. कुलपती राज्यपाल, त्यांच्याखाली मंत्री, मग कुलगुरू. एका 'प्र'ने केवढी उतरंड रचली होती बघा! (हिंदी बातम्या वाचताना जपून. तिकडे 'कुलपति' म्हणजे बहुतेकदा आपले कुलगुरू.)

निवृत्तमास्तर:
लेखात नेमणुकांबद्दल तक्रार असेल तर 'अंकुश' राहू द्या.

पेठकर:
लेखकाशी आत्ताच बोललो. 'विद्यास्वातंत्र्य' मान्य, उलट खूश झाले. 'अंकुश' मात्र काढून 'देखरेख' करा म्हणाले. स्मरणिका छापायच्या आधी संस्थेच्या कार्यालयात जाते.