जर्मनीत पहिला सर्व्हिस इंजिनिअर नेमायचाय, पगार भोसरीतूनच दिला तर चालेल का?

भोसरी_एसपीएम
आम्ही स्पेशल पर्पज मशिन्स बनवतो. स्टुटगार्टच्या आसपास ग्राहकांकडे आमची मशिन्स बसली आहेत आणि सर्व्हिससाठी दरवेळी इथून माणूस पाठवणं परवडत नाही. तिथेच राहणारा एक इंजिनिअर मिळालाय. महिना ४,५०० युरो ठरतोय. जर्मनीत आमची कंपनी नाही, ऑफिसही नाही. प्रश्न असे:
१. त्याला कन्सल्टंट धरून दरमहा बिल घेतलं तर?
२. करार आमच्या नेहमीच्या नमुन्यावर, भारतीय कायदा आणि पुणे कोर्टाची हद्द टाकून, एक वर्षाचा. सही स्कॅन करून मेलवर. पुरेल का?
३. नोकरीवरच घ्यायचं ठरलं, तर जर्मनीत कंपनी काढावी लागेल का?

पगारपत्रक
पहिला मार्ग सोडून द्या. तो फक्त तुमच्यासाठी काम करणार, तुम्ही सांगाल त्या ग्राहकाकडे तुम्ही सांगाल त्या दिवशी जाणार, टूल्स आणि लॅपटॉप तुमचे. बिलावर काहीही लिहिलं तरी जर्मनीत हा नोकरच धरला जातो. पेन्शन विमा संस्थेने तपासणीत पकडलं तर मागच्या चार वर्षांची सामाजिक विम्याची (पेन्शन, आरोग्य वगैरे) वर्गणी निघते, जाणूनबुजून केलं असं ठरलं तर तीस वर्षांपर्यंत. त्यात कर्मचाऱ्याचा हिस्साही आधी तुम्हीच भरायचा. तो त्याच्याकडून वसूल करायचा तर फक्त पुढच्या तीन पगारांतून कापता येतो, बाकीचा तुमच्या अंगावर. वर्गणी बुडवणं हा तिथे फौजदारी गुन्हा आहे, त्यामुळे संचालकांची नावं त्यात येतात. शंका असेल तर पेन्शन विमा संस्थेकडे अर्ज करून तो नोकर की स्वतंत्र व्यावसायिक हे आधीच ठरवून घेता येतं, पण तुम्ही लिहिलंय त्यावरून उत्तर काय येईल हे उघड आहे.

तिसऱ्याचं उत्तर: कंपनी काढावी लागत नाही. परदेशी कंपनी थेट मालक म्हणून नोंद करू शकते. क्रम असा ठेवा.

आधी फेडरल रोजगार संस्थेकडून आस्थापना क्रमांक, तिथे त्याला बेट्रीब्सनुमर म्हणतात. तो ऑनलाइन मिळतो आणि त्याच्याशिवाय पुढचं काहीच हलत नाही. मग जर्मनीतला एक प्रतिनिधी नेमायचा. ज्या मालकाचं जर्मनीत ठिकाण नाही त्याला २०२१ पासून हे बंधनकारक आहे, कारण पगाराची कागदपत्रं तपासणीसाठी जर्मनीतच ठेवावी लागतात. बहुतेकजण हे काम पगार करणाऱ्या स्थानिक फर्मलाच देतात. इंजिनिअरने निवडलेल्या आरोग्य विमा संस्थेकडे त्याची नोंद झाली की पेन्शन, बेकारी आणि शुश्रूषा (दीर्घकाळ देखभाल लागली तर) विम्याची वर्गणीही तीच गोळा करते. पैसे महिन्याच्या शेवटून तिसऱ्या बँक-दिवसापर्यंत तिच्या खात्यात पोचलेले हवेत. भारतातून रक्कम जायला वेळ लागतो आणि उशिराचा दंड आपोआप बसतो, म्हणून पगार फर्मकडे एक महिन्याची आगाऊ रक्कम ठेवा. अपघात विमा वेगळा. तुमच्या कामाला लाकूड-धातू उद्योगाची संस्था लागू पडेल, नोंद आठवड्याच्या आत, वर्गणी पूर्ण मालकाची.

खर्चाचा हिशेब २०२६ च्या दराने, फक्त मालकाचा हिस्सा: पेन्शन ९.३ टक्के, बेकारी १.३, आरोग्य ७.३ अधिक आरोग्य विमा संस्था वरून घेतात त्या सरासरी जादा वर्गणीचा अर्धा भाग १.४५, शुश्रूषा १.८. एकूण २१.१५ टक्के. ४,५०० वर साधारण ९५२ युरो, त्यावर अपघात विमा आणि किरकोळ आकार. म्हणजे बजेट ५,५०० च्या खाली धरू नका.

आयकराचं मात्र वेगळं आहे. तुमचं तिथे करपात्र ठिकाण (कायद्याने तिथला व्यवसाय धरला जाईल असं काही) नसेल तर पगारातून कर कापायची जबाबदारी तुमच्यावर येत नाही, तो स्वतः तिमाही आगाऊ कर भरतो. हे करारात स्पष्ट लिहा, नाहीतर वर्षाअखेर तो ‘कर कंपनीने कापायचा होता’ म्हणून येतो. आणि त्याला ऑर्डर घ्यायचा, दर ठरवायचा किंवा सही करायचा अधिकार देऊ नका. नेहमी तसं होऊ लागलं तर तुमचं करपात्र ठिकाण तिथे तयार होतं आणि नफ्यावरच कर लागतो. एखाद्या मशीनची उभारणी सहा महिन्यांच्या पुढे गेली तरी भारत-जर्मनी करारानुसार तेच होतं.

कलम_आणि_कागद
दुसऱ्या प्रश्नातलं सगळंच अडचणीत आणणारं आहे, म्हणून सविस्तर.

भारतीय कायदा लिहायला बंदी नाही, पण उपयोग नाही. माणूस नेहमी जिथे काम करतो तिथल्या कायद्याचं सक्तीचं संरक्षण करारातून काढून घेता येत नाही, हा युरोपीय नियम आहे. पुणे कोर्टाच्या हद्दीचं कलमही असंच गळून पडतं, तो स्टुटगार्टच्या कामगार न्यायालयात दावा लावू शकतो. त्यापेक्षा जर्मन कायदा लिहून मोकळे व्हा.

एक वर्षाची मुदत आणि स्कॅन सही ही जोडी सर्वांत घातक. मुदतीच्या करारावर दोघांची शाईची सही एकाच कागदावर, काम सुरू व्हायच्या आधी हवी (किंवा युरोपात मान्य असलेली सर्वोच्च दर्जाची डिजिटल सही, साधी क्लिक करून केलेली नव्हे). ते चुकलं तर करार रद्द होत नाही, फक्त मुदत रद्द होते. म्हणजे माणूस कायम झाला. ठोस कारण न देता घातलेली मुदत दोन वर्षांपर्यंतच चालते, त्यात तीनदा वाढ. बिनमुदतीच्या कराराच्या अटी २०२५ पासून मेलवर देता येतात.

तुमच्या नमुन्यातली ‘वर्षाला १८ रजा’ वगैरे कलमं काढा. पाच दिवसांच्या आठवड्याला किमान २० दिवस, बाजारात २८ ते ३०. सणाच्या सुट्ट्या वेगळ्या, आणि त्या राज्याप्रमाणे. आजारपणात सहा आठवडे पूर्ण पगार मालकाने द्यायचा. नोकरीच्या पहिल्या चार आठवड्यांत तो द्यावा लागत नाही, तेव्हा विमा संस्था पैसे देते. शिल्लक रजा घे असं तुम्ही लेखी कळवलं नाही तर ती बुडतही नाही, साठत जाते.

स्टुटगार्टकर
वरच्या दोघांनी वेळेचा मुद्दा घेतला नाही, आणि सर्व्हिसच्या कामात रोजची भानगड तिथेच होते. रोजचे आठ तास, सरासरी सांभाळून दहापर्यंत. दोन कामांच्या मध्ये सलग ११ तास विश्रांती. तो ग्राहकाकडे रात्री ९ ला सुटला तर सकाळी ८ च्या आधी कामाला लावता येत नाही. पुण्याची सकाळी ९ ची मीटिंग म्हणजे त्याचे उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेचार. त्याला त्या मीटिंगमध्ये घेतलं की आदल्या रात्रीची विश्रांती मोडली. मीटिंग दुपारी दीडनंतर ठेवा. रविवारी काम बंद, मात्र उत्पादन चालू ठेवण्यासाठी लागणारी दुरुस्ती इतर दिवशी होण्यासारखी नसेल तर चालते. त्या बदल्यात दोन आठवड्यांत एक सुट्टी द्यायची. तासांची नोंद त्याच्याकडून रोज भरून घ्या.

शिवाय त्याचा निवास परवाना बघितलात का? कायमचा असेल तर प्रश्न नाही. सध्याच्या मालकाशी बांधलेला असेल तर राजीनामा द्यायच्या आधी तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयात विचारायला सांगा.

भोसरी_एसपीएम
खूप आभार. दोन गोष्टी राहिल्या. एजन्सीच्या पगारावर घेऊन आमच्याकडे वापरला तर? आणि प्रोबेशनमध्ये माणूस पटला नाही तर काढायचा कसा?

कलम_आणि_कागद
एजन्सीचा मार्ग जर्मनीत सहसा कामगार भाड्याने देण्यातच मोजला जातो. एजन्सीकडे त्याचा परवाना हवा, त्याची प्रत मागा, आणि एकाच माणसाला एका ठिकाणी १८ महिन्यांच्या वर ठेवता येत नाही. सुरुवातीला बरा, कायमसाठी नाही.

प्रोबेशन जास्तीत जास्त सहा महिने, त्यात नोटीस दोन आठवड्यांची. नंतर किमान चार आठवडे, महिन्याच्या १५ तारखेला किंवा अखेरीला संपणारी. सहा महिन्यांनंतरचं कडक संरक्षण दहापेक्षा जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आहे आणि मोजणी जर्मनीतल्या माणसांची, त्यामुळे एकट्या इंजिनिअरला ते बहुधा लागू होणार नाही. पण कागदाचा नियम सगळ्यांना आहे: नोटीस मूळ कागदावर, शाईच्या सहीने. मेल, व्हॉट्सॲप, स्कॅन, डिजिटल सही यांतलं काहीच चालत नाही. सही अधिकृत संचालकाची. एचआर मॅनेजरने केली आणि सोबत मूळ अधिकारपत्र नसलं तर तो लगेच ती नाकारू शकतो.

नोटीस तुम्ही पाठवलीत त्या दिवशी नाही, त्याच्या हाती किंवा टपालपेटीत पडली त्या दिवशी लागू होते. तो घरी नसताना आलेलं सहीचं रजिस्टर पत्र पोस्टात पडून राहिलं तर ते पोचलं असं धरत नाहीत. म्हणून तिथे माणसाच्या हातून पेटीत टाकतात. त्या माणसाने आतला कागद आधी वाचलेला असावा आणि तारीख-वेळ लिहून ठेवावी. पुण्याहून कुरिअरने सहाव्या महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात हे जमवणं अवघड. नेमणूक करतानाच तिथल्या वकिलाकडे संचालकाच्या सहीचं मूळ अधिकारपत्र पाठवून ठेवा, म्हणजे नोटीस तोच सही करून त्याच दिवशी पोचवू शकेल. आणि निर्णय पाचव्या महिन्यातच घ्या.